ताप्पुरी आणि फुंदान नी: दोन्हीला 'भरपूर'च म्हणायचं का?

निशिकासाईची_सून

नमस्कार मंडळी, जपानी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना एक प्रश्न आहे, थोडं लांबण लागेल पण आधी सगळं नीट सांगते. आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो, चौथं वर्ष चालू आहे. आमच्या वॉर्डात स्वयंसेवक जपानी शिकवतात, त्या वर्गाला मी दर गुरुवारी जाते. तर पुढच्या महिन्यात वर्गातल्यांचाच स्वयंपाकाचा कार्यक्रम आहे, प्रत्येकाने आपल्याकडचा एक पदार्थ करून दाखवायचा आणि त्याची कृती जपानीत एका पानावर लिहून सगळ्यांना वाटायची. मी पुरणपोळी आणि कटाची आमटी घेतलीय.

कृती लिहिताना मला तीन ठिकाणी 'भरपूर' लिहायचं होतं. एक, हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवा. दोन, भरपूर केशर-वेलची घातलेलं पुरण. आणि तीन, पोळीवर भरपूर तूप. 'फुंदान नी' हा शब्द मी नुकताच एका केकच्या खोक्यावर वाचला होता आणि फार आवडला होता, म्हणून तिन्ही ठिकाणी तोच लिहिला. आमच्या सेन्सेई (शिक्षिका) सत्तरीच्या आहेत, अतिशय मायाळू बाई. त्यांनी पान वाचलं, लाल पेन काढलं आणि पाण्याच्या ओळीत 'फुंदान नी' खोडून 'ताप्पुरी नो मिझु दे' केलं. तुपाच्या ओळीत पण ताप्पुरी केलं. केशराच्या ओळीला मात्र छान गोल काढला (इथे बरोबरची खूण गोल असते हे कळायला मला पहिले सहा महिने लागले होते, आधी वाटायचं चूक दाखवतायत).

मी विचारलं फरक काय, तर म्हणाल्या वेगळं आहे खरं, पण कसं ते मला सांगता येणार नाही, तसं वाटतं एवढंच. आता त्यांना वाटतं ते त्यांना जन्मापासून वाटतंय, मला कसं वाटणार? डिक्शनरीत दोन्हीला भरपूर, मुबलक, विपुल असंच दिलंय. पानावर दुरुस्ती झाली, ते ठीक, पण मला आतून कळायला हवंय, नाहीतर पुढच्या वेळी परत तीच चूक करणार. कोणी मराठीतून समजावेल का? सगळ्यांना वाचता यावं म्हणून जपानी शब्द देवनागरीतच लिहितेय, उत्तरं पण तशीच द्या प्लीज.

एन२_डिसेंबर

ताई, मी पण यातच अडकलोय. माझ्या वहीत ताकुसान, इप्पाई, ताप्पुरी, दोस्सारी, होफु नी, फुंदान नी या सगळ्यांसमोर एकच शब्द लिहिलाय, 'भरपूर', आणि आता बघितलं तर त्या पानाचा काही उपयोगच नाहीये. मला शिकवलं गेलं ते असं की ताप्पुरी बोलण्यातला शब्द आणि फुंदान नी लिहिण्यातला. खोक्यावर, जाहिरातीत, मेन्यूकार्डावर फुंदान नी जास्त दिसतो हे मी पण पाहिलंय. पण मग लेखी कृतीतच तुमच्या सेन्सेईंनी ताप्पुरी का केलं ते या नियमाने समजत नाही. म्हणजे नियम अर्धवट आहे.

आणि कोणाकडे एन२ च्या (जपानी भाषेच्या परीक्षेतली एक पातळी, मी तिचीच तयारी करतोय) शब्दांची अधिकृत यादी असेल तर द्या, फुंदान नी त्यात येतो का बघायचं होतं.

भाषांतरवाली

@एन२_डिसेंबर, अधिकृत यादी नाहीये. २०१० ला परीक्षा नव्याने एन१ ते एन५ अशी झाली तेव्हापासून शब्दांची यादी छापणं बंद केलंय, बाजारात मिळतात त्या प्रकाशकांनी अंदाजाने केलेल्या. त्यामुळे यादीत आहे-नाही बघण्यापेक्षा शब्द कळून घ्या.

@निशिकासाईची_सून, तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला कारण मी पुण्यात जपानी-मराठी आणि जपानी-इंग्रजी भाषांतर करते आणि या दोन शब्दांवर मी स्वतः बरेच महिने डोकं घासलंय. मला जे लागलं ते सांगते.

ताप्पुरी म्हणताना जपानी माणूस भांड्याकडे बघतो. फुंदान नी म्हणताना हाताकडे बघतो.

म्हणजे असं. ताप्पुरी म्हणजे जिथे ती वस्तू जाते, पातेलं, पाव, पोळी, पोट, वेळ, मन, ते सगळं भरून वर उरेल इतकी आहे. घेणाऱ्याच्या बाजूने पुरून उरणं. फुंदान नी म्हणजे देणाऱ्याने, करणाऱ्याने, मोजमाप न करता घातलं, त्याच्याकडे साठा आहे आणि त्याने हात आखडता घेतला नाही. आपल्या मराठीत हा फरक ठसठशीत आहे, फक्त आपल्याला तो जपानी शिकताना आठवत नाही. 'भरपूर' म्हणजे ताप्पुरी. 'सढळ हाताने' म्हणजे फुंदान नी. आता तुमच्या तीन ओळी मराठीत म्हणून बघा. 'डाळ सढळ हाताने पाणी घालून शिजवा', कसं तरी वाटतं ना? पाण्याला कसला सढळ हात, नळ सोडला की येतं. 'सढळ हाताने केशर घातलेलं पुरण', हे एकदम बसतं, कारण केशर महाग, लोक दोन काड्या घालून भागवतात, आणि या बाईने भागवलेलं नाही. सेन्सेईंनी तिथे गोल काढला त्याचं कारण हेच.

तुपाचं जरा मधलं आहे. मराठीत सढळ हाताने तूप घाला असं म्हणतोच आपण. पण जपानीत ओतणं, लावणं, चोपडणं अशी क्रिया आली की नजर त्या पोळीवर जाते, पोळी तुपाने भिजली की नाही यावर. म्हणून ताप्पुरी. तेच तुम्ही 'साजूक तूप फुंदान नी वापरलेला गोड पदार्थ' असं वर्णन केलं असतंत तर चाललं असतं. फुंदान नी च्या पुढे बहुतेक वेळा 'त्सुकाउ' म्हणजे वापरणे हेच क्रियापद येतं, त्यातही 'त्सुकात्ता', अमुक वापरलेला असं विशेषण होऊन. किंवा मोरिकोमु, म्हणजे एखाद्या गोष्टीत घालणं, समाविष्ट करणं. फोटो फुंदान नी छापलेलं पुस्तक म्हणतात, हंगामी भाज्या फुंदान नी वापरलेलं जेवण म्हणतात, एखाद्या सिनेमावर पैसा फुंदान नी खर्च केला म्हणतात. प्रत्येक ठिकाणी मागे एक करणारा आहे आणि त्याने काटकसर केलेली नाही.

आणि ताप्पुरी कुठे कुठे जातो बघा, तिथे फुंदान नी कध्धीच जाणार नाही. ताप्पुरी झोपलो. जिशिन ताप्पुरी म्हणजे आत्मविश्वास नुसता ओसंडतोय असा माणूस. हिनिकु ताप्पुरी म्हणजे खोचकपणाने भरलेलं बोलणं. आईज्यो ताप्पुरी, मायेने ओथंबलेलं, हे डब्याबद्दल फार म्हणतात, आईने केलेला डबा. सैल, घोळदार स्वेटरला पण ताप्पुरी शिता म्हणतात, कारण अंगाला पुरून उरतो.

आणि माझा सगळ्यात आवडता वापर, ताप्पुरी इचिजिकान काकारु. एक तास लागतो, पण कमी नाही हां, पुरता एक तास. याचं भाषांतर करताना मी एकदा अर्धा दिवस घालवला, 'संपूर्ण एक तास' लिहिलं, 'तब्बल एक तास' लिहिलं, काहीच पटेना, आणि संध्याकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या राहून सांगत होत्या, "अगं चांगला तासभर बसले होते मी बँकेत." चांगला तासभर! तो 'चांगला' म्हणजे हुबेहूब हा ताप्पुरी. मी तिथल्या तिथे वाक्य बदललं.

योकोहामा_पाववाला

भाषांतरवाली ताईंनी छान सांगितलंय, भांडं आणि हात. मी त्यात स्वयंपाकघरातलं एक घालतो, कारण मी योकोहामाजवळ एका बेकरीत कामाला आहे आणि त्याआधी दोन वर्षं एका हॉटेलच्या किचनमध्ये होतो, माझं बरंचसं जपानी ओट्याशी उभं राहून शिकलेलं आहे.

ताई, तुमच्या पाण्याच्या ओळीचं खरं कारण अजून पक्कं आहे. जपानी कृतीत ताप्पुरी हे पाण्याच्या बाबतीत जवळजवळ माप आहे. तीन पायऱ्या आहेत. हिताहिता, म्हणजे पदार्थ पाण्याच्या पातळीला आला, वरचं टोक जेमतेम दिसतंय. भोपळा गोडसर शिजवतात ना त्याला हिताहिता पाणी, जास्त घातलं तर फोडी उकळताना हलतात आणि मोडतात. मग काबुरु कुराई, म्हणजे डोक्यावरून पाणी गेलं, बुडाला एवढंच, बटाटे उकडायला असं. आणि मग ताप्पुरी, बुडून वर चांगलं पाणी आहे, पदार्थ मोकळा फिरू शकतो. नूडल्स, पालक, सोबा, सगळं ताप्पुरी नो ओयु, भरपूर गरम पाण्यात. माझी आई हेच बोटाच्या पेराने सांगते, भातावर एक पेर पाणी, डाळ बुडेल इतकं पाणी. तीच पद्धत आहे, फक्त इथे प्रत्येक पातळीला छापील शब्द आहे आणि कुठल्याही स्वयंपाकाच्या पुस्तकात पहिल्या काही पानात या तिन्हींची चित्रं असतात, पातेलं आडवं कापून दाखवल्यासारखी.

त्यामुळे तुम्ही मिझु ओ फुंदान नी लिहिलंत तेव्हा वाचणाऱ्या बाईला माप कळलंच नसतं. आणि तुम्हाला तर ताप्पुरीच पाहिजे, कारण कट काढायचाय! पाणी हिताहिता घातलं तर आमटी कशाची करणार.

बेकरीतलं पण सांगतो. आमच्याकडे दारातल्या पाटीवर लिहिलंय, होक्काइदोचं लोणी फुंदान नी वापरलेला पाव. पण आत आमचे मुख्य बेकर मला ब्रश हातात देऊन म्हणतात "बाता ताप्पुरी नुत्ते", लोणी भरपूर लाव. इतक्या वर्षात त्यांनी मला कधी 'फुंदान नी लाव' असं सांगितलेलं नाही. पाटी गिऱ्हाइकाला सांगते की आम्ही हात राखत नाही, आणि बेकर मला सांगतात की पावाचा कोपरा कोरडा राहू देऊ नको.

शब्दवेडा

फुंदान हा शब्द आला कुठून ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण त्यातच सगळं आहे.

फुंदान म्हणजे मूळचा फुदान. दोन कांजी (चिनीवरून आलेली अर्थाची अक्षरं), फु म्हणजे 'न', दान म्हणजे तोडणं. न तुटणारं, खंड न पडणारं. म्हणजे आपला 'अखंड' शब्द घ्या, अ आणि खंड, तंतोतंत तीच बांधणी आहे. तोच दान दानसुई मध्ये आहे, पाणीपुरवठा बंद, पाइपलाइनचं काम असलं की इमारतीत कागद लागतो तो. तर खंड न पडणारा पुरवठा, यावरून संपता संपत नाही इतकं, आणि त्यावरून सढळ वापर असा अर्थ सरकत गेला. मधे जो न आलाय तो बोलण्यातला जोर आहे. मिना चं मिन्ना होतं, ओनाजि चं ओन्नाजि होतं, आमारी चं आन्मारी होतं, तसंच फुदान चं फुंदान. आता तो बहुतेक हिरागानातच, म्हणजे उच्चाराच्या अक्षरातच लिहितात त्यामुळे कांजी डोळ्यासमोर येत नाही आणि हे नातं कळत नाही.

आणि गंमत म्हणजे मूळ फुदान पण अजून जिवंत आहे, एक सोडून तीन कपड्यात. एक रोजच्या वापरातला फुदान, म्हणजे एरवी, नेहमी. फुदानगी म्हणजे घरात घालायचे रोजचे कपडे. हा आता वेगळ्या कांजीने लिहितात पण ती कांजी उच्चारासाठी बसवलेली, मूळ शब्द हाच, खंड न पडता चालणारं ते रोजचं. दुसरा युज्यु-फुदान, निर्णय न घेता येणारा, धरसोड वृत्तीचा माणूस, तिथे दान म्हणजे तुकडा पाडणं, सोक्षमोक्ष लावणं, तो ज्याला जमत नाही तो. आणि तिसरा जपानच्या राज्यघटनेत आहे. ३ मे १९४७ पासून लागू असलेली घटना, तिच्या १२ व्या कलमात म्हटलंय की या घटनेने दिलेलं स्वातंत्र्य आणि हक्क नागरिकांनी फुदान नो दोर्योकु ने, म्हणजे अखंड प्रयत्नाने, राखले पाहिजेत. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे केकच्या खोक्यावरचा फुंदान आला आणि दोन्ही शब्द एका आईचे आहेत हे कळल्यावर अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत.

म्हणून मी माझ्यापुरतं असं लक्षात ठेवलंय, फुंदान म्हणजे द्रौपदीची थाळी. काढा, वाढा, परत काढा, संपत नाही. आणि ताप्पुरी म्हणजे शिगोशीग भरलेलं माप.

एन२_डिसेंबर

शब्दवेडा दादा, फुदान आणि फुंदान... मी हे दोन शब्द आठ महिने वेगवेगळ्या पानांवर पाठ करत होतो!! 🙏

भाषांतरवाली

द्रौपदीची थाळी फारच छान. पण शिगोशीग ला मी जरा अडवते. शीग म्हणजे धान्य मापताना मापाच्या काठावर जो डोंगर उभा राहतो तो. त्याला जपानीत थेट शब्द आहे, यामामोरी, डोंगरासारखं भरलेलं. त्याच्या उलट सुरिकिरी, काठाला सपाट केलेलं, आपण मापटं भरून वरून हात फिरवतो तसं. कृतीत ओसाजि १, मोठा चमचा १, म्हणजे १५ मिली आणि तो सुरिकिरीच धरायचा असतो, शीग लावून नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुरणात गूळ चमच्याने किंवा कपाने लिहिणार असाल तर जपानी बाई सपाट माप घेणार, आणि त्यांचा कप २०० मिलीचा असतो, भाताच्या कुकरबरोबर येतो तो तर १८० चाच. आपल्या वाट्यांचं माप तिकडे चालणार नाही.

आणि द्रवपदार्थ काठोकाठ असेल तर नामीनामी. साकेचा ग्लास चौकोनी लाकडी मासु मध्ये ठेवून ग्लास भरून वाहीपर्यंत ओततात ना, खालच्या मासु मध्ये सांडलेलं पण प्यायचं, तिथे नामीनामी तो. काठोकाठ, अगदी तोच शब्द. आपण पण धान्याला शिगोशीग आणि पाण्याला काठोकाठ असं वेगळं म्हणतोच की. कोणी पाण्याला शीग लावत नाही.

खरं म्हणजे 'भरपूर' चे मराठीत इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाचं घर ठरलेलं आहे. पीक भरघोस येतं, धरण तुडुंब भरतं, बस खच्चून भरते, आयुष्य उदंड मागतात, पगारवाढ घसघशीत मिळते. घसघशीत पीक कोणी म्हणत नाही आणि तुडुंब पगार पण नाही. आपल्याला कोणी परदेशी माणसाने विचारलं, 'का नाही?', तर आपणही तुमच्या सेन्सेईंसारखंच म्हणू, बाबा रे तसं वाटतं. तेव्हा त्यांना दोष देऊ नका. खच्चून ला गिश्शिरी म्हणा, पेटीत एकाला एक लागून भरलेलं. ढीगभर ला दोस्सारी, त्यात वजन आहे, गावाहून येताना पिशवीत नाचणी, कोकम, फणसपोळी सगळं कोंबून दिलं की ते दोस्सारी.

नागोया_संध्या

मला एक शंका आहे, म्हणजे विरोध नाही. दुकानात 'लोणी ताप्पुरी त्सुकात्ता' असं पण सर्रास लिहिलेलं दिसतं, फळं ताप्पुरी चा टार्ट, भाज्या ताप्पुरी चं सूप. ते चूक आहे का? नसेल तर मग भांडं आणि हात हा नियम तिथे मोडतो. मी शिकवते म्हणून विचारतेय, विद्यार्थ्यांना मी एखादा नियम पक्का म्हणून सांगितला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात उलटं दिसलं की त्यांचा विश्वास उडतो.

भाषांतरवाली

तुमचं म्हणणं रास्त आहे. चूक नाही, दोन्ही बरोबर. खाण्याच्या जाहिरातीत दोघांचं अंगण एकच आहे. तिथे मी असं बघते, भाज्या ताप्पुरी चं सूप म्हटलं की मला वाटीत चमचा घातला की भाज्याच लागतायत असं दिसतं, खाणाऱ्याचं सुख. भाज्या फुंदान नी वापरलेलं सूप म्हटलं की करणाऱ्याचा मोठा हात दिसतो, आणि बहुतेक वेळा एकाच नाही तर चार-पाच तऱ्हेच्या भाज्या असाव्यात, चांगल्या, निवडलेल्या. चव तीच असू शकेल, पण वाक्य वेगळ्या माणसाकडे बघतंय. विद्यार्थ्यांना मी नियम उलट्या बाजूने देते. वस्तू फुकट किंवा स्वस्त आहे, कोणी हात राखण्याचा प्रश्नच नाही, किंवा झोप, वेळ, आत्मविश्वास असलं काहीतरी मनाचं-शरीराचं आहे, तर फुंदान नी कडे जाऊच नका. माणसांना तर मुळीच नको, पाहुणे फुंदान नी आले असं होत नाही, तिथे ताकुसान. आणि ज्या गोष्टीत कंजूषपणा करता आला असता पण केला नाही, तिथे फुंदान नी शोभतो. असं सांगितलं की दुकानातल्या पाट्या नियमाच्या आड येत नाहीत.

आणि एक, यात टीका नसते. पैसा उधळला असं नाक मुरडून म्हणायचं असेल तर जपानीत युमिझु नो यो नी त्सुकाउ आहे, गरम-गार पाण्यासारखा वापरणे, म्हणजे आपला पैसा पाण्यासारखा खर्च केला. पाण्याची उपमा दोन्हीकडे सारखीच सुचली आहे. फुंदान नी ऐकून जपानी माणसाच्या मनात वाईट येत नाही, उलट सुटसुटीत, मोकळं वाटतं.

ज्यांना स्वतः वाक्यं शोधून बघायचीत त्यांनी जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा लिखित जपानीचा कॉर्पस (खऱ्या मजकुरांचा शोधता येणारा संग्रह) बघा, सुमारे १० कोटी शब्दांचा आहे, नाव नोंदवलं की शोधता येतो. फुंदान टाकून पुढे-मागे काय येतं ते नुसतं अर्धा तास वाचा. वीसेक वाक्यं वाचल्यावर नियम लागत नाही, कान तयार होतो.

योकोहामा_पाववाला

ताई एक सुचवू का, पुरणाच्या ओळीबद्दल. इथे तायियाकी विकतात ना, माशाच्या आकाराचा, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण भरलेलं. चांगल्या तायियाकीची ओळख म्हणजे शेपटीपर्यंत सारण, शिप्पो मादे आन्को ताप्पुरी, असं दुकानदार अभिमानाने लिहितात, कारण शेपटीत नुसतं पीठच लागलं की खाणारा हिरमुसतो. आता सांगा, पुरणपोळीची परीक्षा आपली आजी कशी घ्यायची? कडा उचलून बघायची. काठापर्यंत पुरण गेलंय की नाही. काठाला नुसती कणीक लागली की ती पोळी नापास.

तेव्हा तुमच्या पानावर पोळीच्या वर्णनात 'हाशि मादे आन् ताप्पुरी' लिहा, काठापर्यंत पुरण भरपूर. वाचणाऱ्या जपानी बायकांना एका क्षणात कळेल तुम्ही कुठल्या दर्जाची गोष्ट बोलताय, कारण त्यांच्या डोक्यात ती शेपटी आहेच. आणि अझुकी पण त्या ताप्पुरी पाण्यातच शिजवतात, फक्त पहिलं उकळलेलं पाणी फेकून देतात तुरटपणा जावा म्हणून. तुम्ही कटाची आमटी वाढताना सांगा की आम्ही आमच्या डाळीचं पाणी फेकत नाही, त्याची आमटी करतो, त्यांना फार नवल वाटेल बघा.

निशिकासाईची_सून

मला खरंच शब्द सुचत नाहीयेत. काल रात्री सगळी उत्तरं नवऱ्याला वाचून दाखवली, तो म्हणाला मला चार वर्षात ऑफिसमध्ये एवढं जपानी कळलं नाही.

आज वर्ग होता. मी सेन्सेईंना भांडं आणि हात हे मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली आणि मग एक हात सढळपणे शिंपडल्यासारखा केला. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, आ, सो देसु, सो देसु, असंच आहे, मला कधी सांगता आलं नव्हतं. आणि स्वतःच्या वहीत त्यांनी एक पातेलं आणि एक हात काढून ठेवला. मला फार भरून आलं.

पान आता असं झालंय. डाळ ताप्पुरी नो मिझु दे शिजवा. केशर आणि वेलची फुंदान नी वापरलेलं पुरण. हाशि मादे आन् ताप्पुरी. वरून गरम तूप ताप्पुरी सोडा. गुळाचं माप मी काल परत घेतलं, २०० मिलीच्या कपाने, सपाट करून, आणि माझ्या वाटीपेक्षा बराच फरक निघाला, ते सांगितलं नसतंत तर पुरण फिकं झालं असतं.

फक्त जायफळ राहिलंय. ते ताप्पुरीही नाही आणि फुंदानही नाही, चिमूटभरच. सेन्सेई म्हणाल्या शोशो लिही, आणि शेजारच्या कोरियन मैत्रिणीने सांगितलं की कृतीत हितोत्सुमामी पण लिहितात. यातलं चिमूट कुठलं?

योकोहामा_पाववाला

दोन्ही चिमूटच, पण बोटं वेगळी. शोशो म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट, दोन बोटांची. हितोत्सुमामी म्हणजे मधलं बोट पण धरून तीन बोटांची. जायफळाला शोशो लिहा ताई, तीन बोटांचं झालं तर जेवून सगळे तिथेच झोपतील.